घुबडाच्या गाडीचे दिवे

स्टँडवर त्याला सगळे घुबड म्हणत, आणि एरवी कुणी 'अरे' म्हटलं तरी भडकणारा हा माणूस त्या नावावर मात्र खूश होता. अंधारात गाडी हाकावी तर त्यानेच, हे जुने ड्रायव्हरही कबूल करत. रोज पहाटे, उजाडायच्या आत, तो इस्पितळाच्या चार नर्सना घरून उचलून ड्यूटीवर पोहोचवी. गाडीत बसल्या की पोरी पेंगायला लागत. "काका, तुमच्या गाडीत डोळे आपोआप मिटतात," असं त्यांतली थोरली म्हणे.

त्या घुबडाला गेले काही महिने दिसेनासं झालं होतं. दिवसा सगळं लख्ख. पहाटे मात्र रस्ता चार हातांवर संपल्यासारखा वाटे. समोरून ट्रक आला की डोळे दिपत, म्हणून तो डावीकडची कड धरून चालवी. त्याच्या बापाचे डोळे असेच गेले होते. आधी रात्रीचं दिसेना, मग दिवसाचं, मग जेवताना बोटं ताटात चाचपडत फिरू लागली. डॉक्टरकडे जायचा धीर होत नव्हता. डॉक्टर बोलला की गाडी सुटली, आणि गाडी सुटली की घुबड कसलं, खुराड्यातली कोंबडी. बायकोलाही त्याने कळू दिलं नाही. दिसत नव्हतं तिथे सवयीवर रेटत होता.

गाडीच्या दिव्यांवर संशय घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. गाडी घेतली तेव्हाचे दिवे, एकदाही न बदललेले, हे तो चारचौघांत मिशीला पीळ देत सांगे. गॅरेजवाला मागे म्हणालाही होता, "काका, काचा पिवळ्या पडल्यात, बल्बही थकलेत. बदलून टाका."

"लागतात ना? मग झालं तर. तुला काय, धडधाकट गाडीही मोडकीच दिसणार."

मग एका पहाटे एक सायकलवाला थेट बॉनेटसमोर उगवला. ब्रेक किंचाळले, सायकलवाला शिव्या हासडत निघून गेला, मागच्या पोरी दचकून उठल्या आणि परत झोपल्या. घुबडाने मात्र उरलेला रस्ता पहिल्या गिअरमध्येच काढला. चार लेकींना घेऊन आपण आंधळ्यासारखे चाललोय, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

"कंबर धरलीय," असं बायकोला सांगून त्याने मेहुण्याला बोलावून घेतलं. मेहुणा टेम्पो चालवायचा. वय तरुण, नजर तीक्ष्ण. गाडी त्याच्या हवाली करायची आणि आपण बाजूला व्हायचं, एवढं ठरवून तो दुसऱ्या पहाटे शेजारच्या सीटवर बसला.

गल्ली संपली, रस्त्यावरचे दिवेही संपले, आणि मेहुण्याने गाडी थांबवली.

"दाजी, दिवे लावलेत ना?"

"तूच लावलेस की."

"मग दिसत कसं नाही काही?" मेहुणा उतरला, पुढे जाऊन वाकून पाहून आला. "हे दिवे आहेत की विझत आलेले निखारे? यावर चालवता तुम्ही? धन्य आहे."

घुबडाने तोंड खिडकीकडे फिरवलं. मेहुण्यासमोर रडणं बरं दिसलं नसतं. डोळे शाबूत होते! त्या दिवशी ते मोठ्या, उजेडाच्या रस्त्याने गेले. उशीर झाला म्हणून पोरी कुरकुरल्या. दुपारी गॅरेजवाल्याने दोन्ही दिवे नवे बसवले.

"विझायची वाट बघायची नसते, काका. उजेड हळूहळू उतरतो आणि आपल्याला त्याची सवय होते." घुबडाने घासाघीस न करता पैसे मोजले.

दुसऱ्या पहाटे तो स्वतः निघाला, नेहमीच्या खाणीकडच्या आडरस्त्याने. परतताना भाडं मिळावं म्हणून तो कायम शहरातून येई, त्यामुळे हा रस्ता त्याने कित्येक महिन्यांत दिवसाउजेडी पाहिला नव्हता. आता खडा न् खडा दिसत होता. तो शीळ घालत होता. मागे चौघी गाढ झोपलेल्या.

खाणीच्या वळणावर शीळ थांबली. डावीकडचा कठडा नव्हताच. कधी ढासळला होता कोण जाणे. त्याने गाडी थांबवली आणि दिव्यांच्या उजेडात पुढे चालत गेला. कडेच्या मऊ मातीत चाकांचे माग होते, एकावर एक, कितीतरी दिवसांचे. मागच्या एका टायरची नक्षी वेगळी होती. ते टायर त्यानेच मागच्या महिन्यात बसवलं होतं. मागाच्या पलीकडे वीतभर माती, आणि मग खाण.

तो तिथेच खाली बसला. परत गाडीपाशी आला तेव्हा थोरली डोळे चोळत होती.

"काय झालं, काका? पोहोचलो?"

"नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना उठव. आणि तू पुढे ये, माझ्या शेजारी बस. यापुढे माझ्या गाडीत कुणी झोपायचं नाही."