पन्नास मीटरवरचा साफ आवाज

पंधरा वर्षं पाण्याखाली काम करतोय. धरणांची दारं दुरुस्त केली, बुडालेले पंप काढले, विहिरींतून प्रेतंसुद्धा काढली. त्यातलं कुणी कधी माझ्याशी बोललं नाही. त्यामुळे असल्या गोष्टी कुणी सांगू लागला की मी उठून चहा प्यायला जायचो. आज मीच लिहायला बसलोय... काय म्हणायचं ते म्हणा.

मी आर्णीचा. वणीच्या पुढे चुनखडीची एक बंद पडलेली खाण आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथले लोक आजही तेच पाणी पितात. खाण पाण्यानं भरलेली, तळ पन्नास मीटरवर. गावाची नळयोजना त्यावरच चालते. मागच्या उन्हाळ्यात तराफ्यावरचा पंप साखळी तुटून थेट तळाला गेला आणि गावाचं पाणी बंद झालं. आम्ही खाली जाऊन पंपाला दोर बांधायचा, मग क्रेन ओढणार — एवढंच काम.

आम्ही तिघं. मी, घाटंजीचा प्रवीण — आठ वर्षांचा जोडीदार — आणि काठावर वेळ नोंदवायला माझी बायको कविता.

एवढ्या खोलीवर साध्या हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो. एकदा अशाच खोलीवर प्रवीण हसत सुटला होता आणि हातातला पाना एका माशाला देत होता! म्हणून या वेळी नागपूरहून हेलियम मागवला. हवेत तो मिसळला की नायट्रोजन कमी होतो, डोकं ताळ्यावर राहतं. तोटा एकच, आवाज बदलतो. चिरका, बदकासारखा होतो. आमचे मास्क पूर्ण चेहऱ्याचे, आत माईक. छातीवरचं बटण दाबून बोलायचं, तिघांनाही ऐकू येतं.

सकाळी अकराला उतरलो. वरून कविता हसत म्हणाली, "दोन बदकं बोलून राह्यली, मले काहीच समजून नाही राह्यलं."

पंप लगेच सापडला. दोर बांधला. गाळ उठल्यामुळे प्रवीण दिसेनासा झाला, पण तो वर जायच्या दोरीपाशी थांबणार हे ठरलेलं होतं. मी गाठ शेवटची तपासत होतो, तेवढ्यात कानात आवाज आला.

"दादा, इकडं या. माहा पाय अडकला."

"कुठी आहेस?"

"भिंतीकडं. खाली."

मी टॉर्च घेऊन भिंतीकडे निघालो. तिथे दगडात एक फट होती, तळ तिथून आणखी खाली उतरत होता. मनगटावरच्या मीटरवर त्रेपन्न... पंचावन्न... खाणीचा तळ पन्नासला संपतो असं नकाशात होतं. पण जोडीदार अडकलाय म्हटल्यावर नकाशा कोण आठवतो?

"या ना दादा. थोडंच राह्यलं."

सत्तावन्नवर माझे पाय थांबले. का, ते कळायला दोन-तीन श्वास गेले.

आवाज साफ होता.

प्रवीणचाच, रोजचा, जाड. पण प्रवीणच्या टाकीत तर हेलियम होता. या खोलीवर तो असा बोलूच शकत नव्हता.

त्याच क्षणी दुसरा आवाज आला. चिरका, घाबरलेला. "दादा! कुठी चालले तुमी? मी दोरीपाशी हावो!"

आणि लगेच तो साफ आवाज, अगदी शांतपणे — "त्याचं ऐकू नोका."

मी कसा वळलो ते आठवत नाही. गाळातून टॉर्चचा उजेड दिसला, मी प्रवीणचा हात धरला आणि वर निघालो. पळून जावंसं वाटत होतं, पण पाण्यात तसं पळता येत नाही. एवढ्या खोलीवरून सरळ वर आलात तर रक्तात बुडबुडे होतात, माणूस लुळा पडतो, मरतोही. ठरलेल्या खोलीवर थांबत थांबतच यावं लागतं.

आणि एकवीस मीटरवर गॅस बदलावा लागतो. हेलियम सोडून जास्त ऑक्सिजनच्या टाकीवर. प्रवीणनं व्हॉल्व्ह फिरवला, बोलला — "बरे आहा ना दादा?" — आणि मी त्याचा हात आणखी घट्ट धरला. कारण आता त्याचाही आवाज साफ झाला होता. दोन्ही आवाज एकसारखे. ओळखायचं कसं?

सहा मीटरवर शेवटचा थांबा, बावीस मिनिटं बाकी. वर ऊन दिसत होतं, काठ दिसत होता.

"दादा, हात सोडा. चला वर, टाइम झाला."

मी घड्याळ पाहिलं. टाइम झाला नव्हता. मग प्रवीणकडे पाहिलं. त्याचा एक हात माझ्या हातात, दुसरा दोरीला. छातीवरचं बटण कुणीच दाबलेलं नव्हतं.

"सोडा ना दादा. दुखून राह्यला हात."

मी पाटी काढून लिहिलं — तू बोलला का?

त्यानं मान हलवली. नाही. पेन्सिल घेतली. खाली लिहिलं — तुमीच म्हनून राह्यले ना, हात सोड म्हनून?

तो माझा आवाज ऐकत होता. मी त्याचा.

आम्ही दोघांनीही रेडिओ बंद केले. एकमेकांचे हात धरून, डोळ्यांत डोळे घालून ती मिनिटं काढली. माणूस एवढा वेळ बायकोकडेसुद्धा बघत नाही.

वर आलो तर कविता काठावर उभी होती. हेडफोन काढून लांब फेकलेला.

"रेडिओ बंद केले होते आम्ही," मी म्हणालो.

"मंग इतका वेळ बोलून कोन राह्यलं होतं?" ती म्हणाली. "तुमी दोघं. सारखं. मधूनमधून हासत होते."

पंप दुसऱ्या दिवशी निघाला, गावाला पाणी मिळालं. रेडिओ तपासून आणले, काही बिघाड नाही. माझ्या मीटरच्या नोंदीत सत्तावन्न मीटर आजही आहे. पण भिंतीपाशी वरून वजन बांधून दोर सोडला तर तो पन्नासवर खडकाला टेकला. चार ठिकाणी सोडला, चारही वेळा पन्नास. नायट्रोजन चढला म्हणावं तर डोकं साफ होतं, आणि काठावर बसलेल्या कविताला काय चढणार होतं?

प्रवीणनं डायव्हिंग सोडलं. आता घाटंजीत पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. मी अजून उतरतो, पण रेडिओशिवाय.

उत्तर असलंच तर कविताकडे असेल, कारण शेवटची बावीस मिनिटं फक्त तिनंच ऐकली. ते दोघं काय बोलत होते, हे मी तिला किती वेळा विचारलं. ती सांगत नाही.

"तुमी वर आले ना," एवढंच म्हणते, आणि उठून आत जाते.