उंदराला दिलेला दात

नंदासारखे उंदीर अख्ख्या पेणमध्ये कोणी करत नाय, हे मी छातीठोक सांगते. गणपतीच्या कारखान्यात मी, हौसा, कच्च्या मूर्तींवर ओला हात फिरवून त्या गुळगुळीत करते आणि माझ्या शेजारी बसून नंदा फक्त उंदीर करते. चौदा वर्षं झाली. साच्यात माती दाबायची, काढायची, कान चिमटीत धरून जरा वर करायचे, की झाला उंदीर. मालक एकदा म्हणाले, "नंदा, आता सोंडेचं काम शीक." तर म्हणे, "नको, माझे उंदीरच बरे." बाईच अशी. एकदा जीव लावला की सोडायची नाय.

ती मूळची गडब गावची. नवरा भरत रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. लोक नाय नाय ते बोलायचे, आणि दोघीतिघींची तोंडं मीच बंद केली. मग भाविका झाली. तिला पहिला दात आला त्या दिवशी नंदा धावत कारखान्यात आली होती. "हौसाताई, चमचा वाजला! भरवताना तिच्या तोंडात चमचा वाजला!" मी म्हटलं, "अगो, दात सगळ्याच पोरांना येतात, एवढी काय नाचतेस?" पण माझेही डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू.

यंदा भाविका सहा वर्षांची झाली आणि तोच खालचा दात हलायला लागला. पोरगी खूश. दिवसभर जिभेने दात हलवत बसायची. नंदाचं तोंड मात्र उतरलेलं. भाकरी दुधात कुस्करून दे, पेरूच्या बारीक फोडी करून दे, असं तिचं चाललेलं. शेवटी मी ओरडले, "पडायचा तो पडणारच! किती दिवस सांभाळशील?"

"पडू दे की ताई. पण मला तो ठेवायचाय." तिने पिशवीतून काजळाची रिकामी डबी काढली. भाविका तान्ही असतानाची डबी, घासूनपुसून लख्ख केलेली. "जावळ देवाला दिलं. झबली भावजयीच्या पोराला गेली. ती तान्ही होती त्याचं माझ्याकडं उरलंय काय, सांगा? हा दात तरी माझ्याजवळ र्‍हाऊ दे."

आता पुढचा घोळ माझाच. मीच शहाणी! रविवारी शाळा नसते म्हणून भाविका कारखान्यात आलेली. मी तिला सांगितलं, लहानपणी आम्ही पडलेला दात कौलांवर टाकायचो आणि उंदराला म्हणायचो, हा घे आणि तुझ्यासारखा दे. ती म्हणाली, "आमच्या घराला तर स्लॅब हाय. तिथे उंदीर कुठला?" माझी जीभ कुठली गप्प बसायला! "उंदरांना काय तोटा? आईच्या फळीवर शंभर बसलेत की!"

नंदा नळावर हात धुवायला गेली होती. परत आली तर पोरगी हसत उभी, खालच्या दातांत मधोमध खिडकी.

"दात कुठाय?"

"दिला."

"कोणाला?"

"उंदराला. बुडातून आत दाबला आणि ओलं बोट फिरवलं. तू फिरवतेस ना, तसंच."

फळीवर शंभर ओले उंदीर, सगळे एकाच साच्यातले. नंदाने एकेक उलटा करून पाहिला. पोरीने बोट असं फिरवलेलं की कुठे रेघ दिसेना. आईचाच हात, दुसरं काय! दुपारी चारला टेम्पो येऊन हा बिनरंगाचा कच्चा माल रंगवायला घेऊन जाणार होता. नंदाने एक उंदीर मोडला. मग दुसरा. चौदा वर्षांत तिने हाताने एक उंदीर मोडलेला मी पाहिला नव्हता. सातवा मोडला तेव्हा भाविकाने तिचा हात धरला.

"आई, नको ना मोडू! माझा उंदीर मेला तर मला नवीन दात कोण देणार? मी बोळकीच र्‍हाईन!"

"मग र्‍हा ना बोळकी!" नंदा ओरडली. "अशीच र्‍हा! कसली मोठं व्हायची घाई लागलीय तुला?"

सगळ्या बायांचे हात थांबले. भाविकाने भोकाड पसरलं. नंदाने मातीचा हात स्वतःच्याच तोंडावर ठेवला. मग पोरीला ओढून मांडीवर घेतलं आणि तीही रडली. मी आपली पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

जरा वेळाने नंदाने नाक पुसलं. मोडलेली माती गोळा केली, मळली आणि सात उंदीर पुन्हा केले. कान वर करायचं काम भाविकाला दिलं. ते वाकडेच झाले, पण नंदाने सरळ केले नाहीत.

चारला टेम्पो आला. ड्रायव्हर प्रवीणने पेंढा अंथरला आणि उंदरांच्या फळ्या आत सरकवल्या. दार लावणार एवढ्यात नंदा म्हणाली, "थांब जरा." मूर्ती पुढे भरल्या होत्या, तिकडे तिने पाहिलंही नाय. उंदरांपुढे हात जोडले. मी अगदी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"दात दे रे बाबा तिला, चांगला दे," ती पुटपुटली. "पण सावकाश दे."