खोडलेली 'आय'

संशोधक विद्यार्थिनी सुनंदाने प्रबंधाचे एक प्रकरण माझ्यापुढे ठेवले. आमच्यासारख्याच दलित वस्तीतल्या बायकांच्या त्या मुलाखती होत्या. प्रत्येक 'आय' खोडून तिने वर 'आई' लिहिले होते.

"या बायका असं बोलतात?" मी विचारले.

"नाही, सर. पण मौखिकीला परीक्षक हसतील. तुम्ही तरी कुठं वस्तीतल्यासारखं बोलता?"

माझ्या मौखिकीत घसा कोरडा पडला, तेव्हा मी 'पानी' मागितले होते. परीक्षक हसले, "पाणी म्हणा" म्हणाले, आणि मगच त्यांनी पेला पुढे सरकवला. तेव्हापासून प्रत्येक 'ण' मी आधी मनात उच्चारून पाहतो. त्याला मी शिस्त समजत आलो. ती भीती होती, आणि मी न शिकवताही ती या मुलीपर्यंत पोहोचली होती.

"खोडलेलेच शब्द वाच," मी म्हणालो. "मोठ्याने."

"आय म्हनली..." तिने सुरुवात केली.

व्हरांड्यात पावले वाजली. मी नकळत दार लावायला उठलो. सुनंदा वाचायची थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

मी कडीवरचा हात काढून घेतला.

"म्होरं वाच, बाय," मी म्हणालो. पावले दाराशी येऊन थांबली होती.