चिखलात खोसलेल्या फांद्या

सुरतेजवळच्या उधन्याच्या सरलाबाईंना चिखलाची कधी किळस आली नाही. नवऱ्याचा माग बंद पडल्यावर त्या हजीऱ्याकडच्या खाडीत उतरून तिवराची रोपं लावू लागल्या. अंगाला चिखलाचा वास घेऊन घरी यायच्या आणि वर हसायच्या. किळस आली ती माणसांची. सांगताना मलाही येते.

तिवरांचा एक पट्टा वाळला होता. कुठल्याशा कारखान्याने मातीचा रस्ता टाकला, भरतीचं पाणी अडलं. पट्टा मेल्याची नोंद झाली तर रस्ता फोडून पाणी सोडावं लागणार होतं. नाही झाली तर उरलेली झाडंही जाणार होती.

ती नोंद व्हायची होती कार्बनच्या मोजणीत, म्हणजे झाडांत किती कार्बन साठलाय ते बघायचं. दोरीने गोल आखायचे, आतल्या झाडांचा घेर आणि उंची घ्यायची, त्यावरून लाकडाचं वजन काढायचं. वजनाचा साधारण निम्मा कार्बन. चार गोलांवरून अख्ख्या जंगलाचा हिशोब. मोजणाऱ्यांत सरलाबाईंची लेक नूतन होती, घरातली पहिली पदवीधर.

रोपं लावणाऱ्या बायकांचा मुकादम हेमराज, सरलाबाईंसारखाच आमच्या खानदेशातला, तोंडात साखर आणि पोटात काय ते विचारू नका. आदल्या दिवशी त्याने बायकांना सांगितलं, पोरीची पहिली मोजणी आहे, जरा हिरवं दिसू द्या. लेकीचं नाव निघालं आणि सरलाबाई पाघळल्या. पाहुणे यायच्या आधी अंगण सारवावं, तेवढंच त्यांना वाटलं. बायकांनी जिवंत तिवरांच्या फांद्या मोडून मेलेल्या पट्ट्यात खोसल्या.

एक गोल नेमका तिथेच पडला. नूतनने टेप लावली तर झाडच हातात आलं. तिने ते बांधावर उभ्या असलेल्या मोजणीच्या साहेबांना दाखवलं. बुटांना चिखल लागू न देता साहेब म्हणाले, परत खोच आणि घेर लिही. हेमराज दात काढत होता. थू त्याच्या शहाणपणावर.

"मीच खोसेल शे ती, पोरी," सरलाबाई म्हणाल्या आणि चिखलात उतरल्या. हेमराज ओरडला, एक जरी उपटली तर उद्यापासून कामावर यायचं नाही. त्या उपटत राहिल्या. बाजूच्या मोडलेल्या झाडांकडे त्यांना बघवत नव्हतं. तीही त्यांनीच लावलेली होती.

सगळ्या फांद्या त्यांनी हेमराजच्या पायाशी टाकल्या.

"हाई ले तुनं जंगल," त्या म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "नूतन, आते मोज."

साहेबांकडे न बघता नूतनने त्या गोलात शून्य लिहिलं.