शिरेतलं इंजेक्शन

“शिरेतलं आपलं नाय गो,” असं म्हणून सिस्टर इंजेक्शनचा ट्रे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायच्या आणि दोन्ही हात ॲप्रनला पुसायच्या. हातांना काही लागलेलं नसलं तरी.

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका लहान हॉस्पिटलात मी नवीन नर्स म्हणून लागले, तेव्हा त्या आमच्या वॉर्डच्या प्रमुख होत्या. तिथला नियम असा, की सलाईनवर लक्ष नर्सने ठेवायचं, पण शिरेत थेट औषध डॉक्टरनेच द्यायचं. इतर वॉर्डांत डॉक्टर नुसतं ‘द्या हो सिस्टर’ म्हणाले की काम उरकायचं. आमच्या सिस्टर हलायच्या नाहीत. अशी हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या माघारी आपण हसतो. मीही हसायचे.

एकदा डबा खाताना त्यांनी कारण सांगितलं. पहिल्या नोकरीत त्यांच्या मैत्रिणीने डॉक्टरांच्या तोंडी सांगण्यावरून असंच इंजेक्शन दिलं होतं. पेशंट दगावला. “डॉक्टर म्हणाले, मी सांगितलंच नव्हतं. तिची नोकरी गेली. परत कधी उभी नाय राहिली ती,” एवढं बोलून त्यांनी आपल्या डब्यातला तळलेला बांगडा माझ्या पोळीवर ठेवला.

पुढे एका दुपारी दम्याने बेजार झालेली तरुण बाई आली. ओठ निळे पडत होते. त्या वेळी एकच डॉक्टर होते, आणि ते वरच्या मजल्यावर सिझेरियनमध्ये अडकलेले. मी धावत वर गेले, ‘येतोच’ एवढा निरोप घेऊन खाली आले. तोवर सिस्टरनी सिरिंज भरली होती.

“डॉक्टर येतायत,” मी म्हणाले.

“तवर ही राहायची नाय. नाडी धर हिची.”

ते औषध घाईने गेलं तर हृदयच थांबायचं. त्या इतक्या सावकाश देत होत्या, की दट्ट्या सरकतोय हेही कळत नव्हतं. घाम डोळ्यांत उतरला तरी त्यांनी पुसला नाही. हळूहळू बाईचा श्वास मोकळा झाला.

डॉक्टर भले होते. खाली येऊन म्हणाले, “मी तोंडी सांगितलं होतं, असं लिहून टाकतो.”

“नको डॉक्टर. तुम्ही सांगितलं नव्हतं. मी दिलं.” आणि त्या स्वतःच हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सांच्या वरिष्ठ, मेट्रनकडे गेल्या.

“ही जगली, सिस्टर,” मेट्रन म्हणाल्या, “पण उद्या सगळ्याच देऊ लागतील.”

“खरंय मॅडम,” सिस्टर म्हणाल्या.

त्यांची बदली तळमजल्यावर ड्रेसिंगच्या खोलीत झाली. वर्षभरात त्या नोकरी सोडून कोकणात गावी गेल्या. त्यानंतर मला परत भेटल्या नाहीत.

वॉर्ड सोडायच्या सकाळी त्यांनी औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि त्या बाईच्या खाटेपाशी गेल्या. ती झोपली होती. मी उठवू लागले तर त्यांनी हात आडवा धरला. थोडा वेळ तिची वरखाली होणारी छाती पाहत उभ्या राहिल्या, पायांवरची चादर नीट केली, आणि जिना उतरून गेल्या.