बदललेला कप्तान

परंड्यात विश्वास ठेवण्याजोगा एकच माणूस आहे असं माझ्या बायकोच्या थोरल्या मामांचं ठाम मत आहे, आणि त्या माणसाचीही ते रोज सकाळी दाढी करताना आरशात नीट खातरजमा करून घेतात. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली. कुर्डुवाडीच्या गाडीत डोळे मिटून बसलेला प्रवासी झोपलेला नसून बिनतिकीट आहे, असं धरून चालायची सवय लागली ती निवृत्तीनंतरही गेली नाही. दूधवाला हसला तर दुधात पाणी, नाही हसला तर जास्त पाणी. मी जावई म्हणून पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा पाण्याचा तांब्या हातात देत त्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमी खरे कुठले?" मी बार्शीचा म्हटल्यावर म्हणाले, "सगळे तसंच सांगतेत."

अशा माणसाला परग्रहावरच्या मालिकांचा नाद लागावा याचं मला नवल वाटायचं. पण त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "सासू-सुनंच्या मालिका खऱ्या म्हणून खोटं दावतेत. हे यानवाले आधीच सांगतेत, सगळं काल्पनिक हाय म्हणून. एवढ्या मोकळेपणानं कोण सांगतंय? म्हंजी खरं काय ते ह्यातच दडपलेलं असणार." हिंदीत डब झालेली एकही अशी मालिका त्यांनी सोडली नाही, आणि शेतकरी ज्वारीचा वाण ओळखतो तसे ते त्यांचे वाण ओळखू लागले. एका भागात एक गोष्ट संपवणारी मालिका त्यांच्या लेखी सर्वांत लबाड. यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर उतरतं, कुणाचा तरी हात मोडतो, आणि पुढच्या आठवड्यात तोच हात धडधाकट. "आता दुखतंय का" असंही कुणी विचारत नाही. "काय तरी मिटवलंय," मामा म्हणायचे. दर वेळी नवी माणसं आणि नवी गोष्ट असाही एक प्रकार असतो. त्यातली यंत्रं त्यांना आवडत, "पण ह्यात जाब कुणाला इचारायचा? पुढच्या टायमाला गडी जाग्यावर न्हाय." पाच-सहा भागांत आटोपणारी मालिका त्यातल्या त्यात बरी, तरी शेवटचा भाग संपल्यावर ते तोच चॅनल लावून बसत, मागाहून गुपचूप काही दाखवतात का ते बघायला. कार्टूनमधल्या यानाकडे मात्र त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "चित्राला घाम फुटत न्हाय. खोटं बोलतंय का खरं, वळखायचं कशावरनं?"

जीव जडला तो एका लांबलचक मालिकेवर, आजची गोष्ट अर्धवट सोडून उद्या पुढे नेणाऱ्या. आणि नेमका तिच्यातच घात झाला. कप्तानाचं काम करणारा नट मध्येच बदलला. आपण अशा वेळी नाक मुरडतो आणि दोन दिवसांत नव्या तोंडाला सरावतो. मामांनी घरातल्या सगळ्यांना गोळा केलं. "शत्रूनं कप्तान पळवला. हा दुसराच आणून बसवलाय." नटाला दुसरं काम मिळालं असेल, असं मी म्हणून पाहिलं. "मग त्याच्या बायकूला कळंना का? रोज संगं जेवती त्याच्या!" आज ना उद्या बिंग फुटेल म्हणून ते ती मालिका शेवटपर्यंत बघत राहिले. बिंग फुटलं नाही, खरा कप्तान काही परतला नाही. मालिका संपली त्या दिवशी मामा सुतकी चेहऱ्यानं म्हणाले, "सगळ्यांनी मिळून दाबलं." विमलमामी, म्हणजे त्यांची बायको, शेजारीच ज्वारी निवडत होत्या. त्या फारसं कधीच बोलत नसत.

मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, रेणुकाला, जळकोटचं स्थळ आलं. मुलगा सोलापुरात नोकरीला. रेणुकाला तो आवडलाय हे तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं, आणि म्हणूनच पाहुणे आले त्या दिवशी मी मामांच्या अगदी शेजारची जागा धरून बसलो. मामांनी पोह्यांच्या आधीच उलटतपासणी सुरू केली. "मालिका कोणत्या पद्धतीच्या बघता?" मुलगा गोंधळून म्हणाला, "बघायला बसतो, पण झोप लागते." मामा मान डोलवत माझ्या कानाशी आले. "खरं बोलला. गडी चालंल." सुपारी फुटणार एवढ्यात मुलाची आई म्हणाली, "आमच्यात लग्नात नाव बदलतेत. आमी वैष्णवी ठरवलंय."

मामांनी कपबशी खाली ठेवली. "म्हंजी माणूस तेच ठिवायचं आन नाव गायब करायचं. वरीसभरानं इचारलं, रेणुका कुठं हाय, तर म्हणणार, कोण रेणुका? म्या बघितलंय हे सगळं. हे लगीन व्हणार न्हाय."

रेणुकाचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून मामी बोलल्या, अगदी शांतपणे. "मांडवात आले तवा म्या हिरा व्हते. ताटातल्या तांदळात अंगठीनं विमल तुमीच लिव्हलं. ती हिरा कुठं गेली, ह्याचा तेवढा संशय तुमाला कधी आला न्हाय."

मामांनी खाली ठेवलेली कपबशी उचलली आणि रिकामाच कप तोंडाला लावला. मुलगाच शेवटी आईकडे वळून म्हणाला, "आई, मला रेणुकाच पसंत हाय. रेणुकाच राहू दे." लग्न ठरलं, झालं, आणि रेणुका रेणुका म्हणूनच सासरी गेली.

परवा आम्ही परंड्याला गेलो होतो. लेक गेल्यापासून घर सुनं झालंय. मामा थकलेत, मला कुठले म्हणून विचारायचंही विसरले, याचं मला वाईटच वाटलं. मामी पाठमोऱ्या बसून वाती वळत होत्या. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि नव्या नवरदेवासारखं लाजत हळूच हाक मारली, "हिरा..."

मामींनी हातातली वात खाली ठेवली आणि दाराकडे बघितलं, कोण बाई आलीय ते बघायला.