तपासणाऱ्याची सही

"चूक काढा. कौतुक नको," असं म्हणून राजे कागद पुढे करायचे आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीवर बोटाने दोनदा टकटक करायचे. चौकटीत दोन ओळी असत. 'आखणारा' या शब्दापुढे त्यांची बारीक, सरळ सही. 'तपासणारा' या शब्दापुढे काही नाही.

निवृत्तीनंतर माणसं काय करतात ते तुम्ही पाहिलं आहे. कुणी कुंड्या लावतं, कुणी मुलाच्या देशात जाऊन बर्फ बघून येतं. यांनी राज्य करायला घेतलं. चालवायला नव्हे, बनवायला. सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य गेलेलं, त्यामुळे नव्या राज्याची कलमंही ड्रॉइंगच्या जाड कागदावर, समास आखून, प्रत्येक पानाला चौकट देऊन लिहिली होती.

बंगळूरला, मल्लेश्वरममधल्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात ते दर रविवारी सकाळी येत. मी तिथे पुस्तकं बघतो आणि मंडळाच्या वार्षिक अंकाची मुद्रितं तपासतो. त्यावरून ते मला 'पंडित' म्हणत. त्यांना सगळे 'राजे' म्हणत.

"काय राजे, तुमच्या राज्यात आम्हाला कुठलं खातं?"

"खातं राहू द्या. कुणाच्या घरी जन्माला यायची तुम्हाला भीती वाटेल, ते सांगा. आधी ते घर दुरुस्त करतो."

हशा व्हायचा. ते मात्र उत्तर टिपून घ्यायला वही उघडून थांबलेले असत.

त्यांचा सगळा विचार एवढाच होता. डोळे मिटून कुठल्याही घरात जन्म घ्यावा आणि भीती वाटू नये, असं राज्य. मारतहळ्ळीहून येणारा एक तरुण त्यांना म्हणाला, "अंकल, याचं ॲप बनवा ना, फीडबॅक पटकन येईल." ते त्यालाही विचारून मोकळे झाले. एकदा मी बरोबर असताना त्यांनी रिक्षावाल्याला कन्नडमधून तोच प्रश्न केला. तो सिग्नलवरच्या पोलिसाकडे बघत म्हणाला, "त्याच्या घरी नको, अण्णा. दिवसभर उभं राहायचं आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या." राजांनी ते धक्के खात, वाकड्या अक्षरात लिहून घेतलं.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही उभ्याने कॉफी घेत होतो. तरुणपणी पत्रा दाबणाऱ्या एका प्रेस यंत्राच्या संरक्षक जाळीचं ड्रॉइंग त्यांच्याकडे तपासायला आलं. वरच्या साहेबाला घाई होती. यांनी न तपासता सही केली. जाळीत फट जास्त राहिली होती. एका कामगाराचा हात आत गेला.

"चौकशी झाली असेल ना?" मी विचारलं.

"झाली की. घाई करणारा साहेबच चौकशीला बसला. चूक कामगाराची निघाली."

"आणि तुम्ही?"

"मी तिथेच बसलो होतो." त्यांनी कॉफी अर्धी ठेवली आणि आम्ही निघालो.

पुढे बासष्ट कलमं पुरी झाली आणि तपासायला त्यांनी ती माझ्याकडे दिली. "दोन डोळ्यांनी केलेलं काम चार डोळ्यांखालून गेल्याशिवाय खरं नाही, पंडित. घाई नाही. पण सही तुमची हवी."

मी तीन आठवडे घेतले. रोज सकाळी आंघोळ करून, लाल पेन्सिल घेऊन बसलो. एक ओळ सोडली नाही. बासष्ट ठिकाणी सही केली आणि अभिमानाने फाइल परत दिली.

त्यांनी सरळ सदतिसावं कलम उघडलं. "हे वाचलंत?"

"वाचलं तर. 'न्यायाधीश'मधला 'धी' दीर्घ हवा. दोन्ही ठिकाणी चुकला होता."

त्यांनी ते पान माझ्याकडे फिरवलं. मग त्यांनी ते मला मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं. 'न्यायाधीशाविरुद्धची तक्रार त्याच न्यायाधीशापुढे चालेल.'

"ड्रॉइंग ऑफिसात नव्या तपासनिसाला आम्ही अशी एक चूक मुद्दाम घालून कागद द्यायचो," ते म्हणाले. "बघतो की नाही ते कळावं म्हणून."

मी फाइल परत घ्यायला हात पुढे केला.

"पण शुद्धलेखन उत्तम झालंय. अन्याय आता अगदी शुद्ध झाला." ते हसले. टोमणा मारल्यासारखे नव्हे, हे मी आजही सांगतो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्यानंतरही ते रविवारी येत राहिले. वर्तमानपत्र वाचत, मेट्रोच्या गर्दीबद्दल बोलत. कागद आणला नाही. मी एकदा म्हटलं, "परत द्या, नीट बघतो." "बघू," ते म्हणाले. मीही पुन्हा मागितला नाही. मागितला असता तर वाचावा लागला असता. गेल्या वर्षी ते गेले.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी कॉफी दिली आणि ती फाइल आणून माझ्यासमोर ठेवली. त्यांच्या माहेरच्या तीन पिढ्या इथल्याच. मराठी घरात बोलायची, शाळा सगळी कन्नड.

"मला ही अक्षरं स्वल्प लागतात, सगळी नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही पूर्ण वाचलंत ना, भावजी?"

"वाचलं."

"यांनी सगळ्या बंगळूरला विचारलं, कुणाच्या घरी जन्माला यायची भीती वाटते म्हणून. दूधवाल्याला विचारलं. मला नाही विचारलं." त्यांनी पदराने फाइलवरची धूळ पुसली. "चाळीस वर्षं दिवसाला आठ वेळा कॉफी केली मी तुमच्या राजांना. बाईमाणसाचं, घरात राबणाऱ्या बाईचं, काही लिहिलंय का हो त्यात?"

मी आठवू लागलो. मला वेलांट्या आठवल्या. उकार आठवले.

"आहे ना," मी म्हटलं. "चांगलं कलम आहे."

"सरी, बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "कितवं?"

"एकोणतिसावं."

"इप्पत्तोंबत्तु," लक्षात राहावं म्हणून त्या स्वतःशी कन्नडमध्ये पुटपुटल्या, आणि फाइल त्यांनी मला देऊन टाकली.

घरी येऊन मी ती वाचली. या वेळी पेन्सिल घेतली नाही. बासष्ट कलमांत न्यायाधीश आहेत, पोलीस आहे, हात गेलेला कामगार तीन वेगवेगळ्या कलमांत आहे. वहिनी कुठेच नाहीत. ही चूक त्यांनी मुद्दाम घातलेली नव्हती. ती त्यांना दाखवावी, तर आता ते नाहीत.

एकोणतिसावं कलम शहराचा कचरा कुठे टाकावा याबद्दल आहे. परवा भाजीच्या दुकानात वहिनी भेटल्या, तेव्हा बरोबरच्या शेजारणीला माझी ओळख करून देत म्हणाल्या, "यांनी वाचलंय ते. माझं कलम यांना पाठ आहे."